कुठली हिरडोली?

रविवारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हुरडा पार्टी झाली. ग्रुपवर आठवडाभर आधीपासून सूचना फिरत होती. कणसाचं चित्र, शेकोटीचं चित्र आणि खाली 'पारंपरिक वेश असल्यास उत्तम' अशी एक ओळ. मी पारंपरिक वेशात गेले, म्हणजे रोजच्याच साडीत. गॅसच्या शेगडीवर जाळी ठेवून तीत डब्यातला, गोठवलेला हुरडा गरम करणं चाललं होतं. शेजारी पनीरचे तुकडे, मक्याचे दाणे. एका गोड मुलीनं मला वाटी दिली, वर चमचाही दिला. वाईट लागत नव्हता हो, उगाच खोटं कशाला बोलू! पण धूर नव्हता. धुराशिवायचा हुरडा म्हणजे नुसती कोवळी ज्वारी, आजाऱ्याला द्यावी अशी.

गंमत म्हणजे हे सगळं चाललं होतं त्याच्या बरोबर खाली, आता लिफ्ट आहे तिथंच कुठंतरी, आमची आगटी असायची. आगटी म्हणजे जमिनीत खणलेला खळगा. त्यात गोवऱ्या पेटवायच्या, निखारे झाले की कणसं खुपसायची. सोसायटीच्या नावात 'मेडोज' आहे. त्याचा अर्थ कुरण, हे मला कुणी सांगावं लागलं नाही, कारण कुरण आमचंच होतं. धायरीच्या पुढं डोंगराकडे वळलं की आमची हिरडोली. होती, म्हणायला हवं. आता बसच्या थांब्यालाही सोसायटीचं नाव आहे. हिरडोलीला जायचंय म्हटलं तर रिक्षावाला विचारतो, हे नक्की कुठं आलं?

गाव महापालिकेत गेलं तेव्हा आम्हाला सगळ्यात आधी काय मिळालं असेल, तर कर. पाणी अजून यायचंय. तसा 'कर' हिरडोलीला नवा नव्हता म्हणा. हिरडोलीला 'कर' लावून एका घरानं गावाचं नाव कुठच्या कुठं नेलं होतं. हिरडोलीकर म्हटलं की गाणं ऐकणारा माणूस अजून कानाच्या पाळीला हात लावतो. आजोबा गवई, मुलगा गवई, नात द्वारकाबाई तर दोघांच्या वरताण. आपल्याकडे माणूस गाव सोडतो, घर सोडतो, पुढच्या पिढ्यांना गावाची वाटही ठाऊक नसते, पण नावामागं ती दोन अक्षरं लावून गाव मात्र सोबत घेऊन जातो. मला याचं लहानपणापासून फार कौतुक वाटत आलंय. माझं माहेरचं आडनाव एका पदार्थावरून आहे, त्यामुळे असेल.

माझं माहेर सदाशिव पेठेत. आम्ही पहिल्या मजल्यावर आणि द्वारकाबाई बरोबर आमच्या डोक्यावर. आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण बाबा दाढीला बसायचे ते वरचा षड्ज लागला की. आईचा कुकर बाईंच्या आलापीत चढायचा आणि तानांच्या वेळी उतरायचा. एवढं गाणं फुकट ऐकून आमच्यापैकी कुणाला दोन सूर धड लावता येत नाहीत, हेही खरं. त्याच जिन्यावर दर पौषात एक पांढऱ्या टोपीतले उंच गृहस्थ दिसायचे. चपला खाली काढायचे, ओल्या फडक्यात बांधलेली कणसं छातीशी धरायची आणि लाकडी पायऱ्या हळूहळू चढायच्या. मोसमातला पहिला हुरडा बाईंकडे पोचवायचा, मग घरच्यांनी खायचा, ही हिरडोलीची रीत. उतरताना त्यांच्या हातात आमसुलांचा पुडा असायचा, बाईंनी दिलेला. माझं लग्न ठरायच्या कितीतरी आधीपासून मी माझ्या सासऱ्यांना बघत होते. ते सासरे आहेत एवढंच माहीत नव्हतं.

आणि लग्न ठरलं तेही कॉलेजात, आपलं आपणच. आईनं 'ज्वारी तरी घरची मिळेल' एवढीच प्रतिक्रिया दिली. आमच्या पेठेत याला आनंद व्यक्त करणं म्हणतात. बाईंनी मात्र मला वर बोलावून घेतलं. मंजू, अगं, तू माझ्या माहेरी चाललीस, म्हणाल्या. आता त्या गावात माझं हक्काचं घर झालं. मला तेव्हा वाटलं, एवढी मोठी बाई, केवढं मनापासून बोलते! आजही तसंच वाटतं.

माहेर हा शब्द त्या उगाच वापरत नव्हत्या. हुरडा पोचला की आठ-पंधरा दिवसांत बाई हिरडोलीला यायच्या आणि भैरवनाथाच्या देवळापुढच्या पारावर गायच्या. त्यांच्या आजोबांपासूनची ही पद्धत. आजोबा पुण्यात गाजायला लागले तेव्हा गावची चार शहाणी माणसं त्यांना जाऊन भेटली. आपण हिरडोलीचे ना, असं विचारलं. ते म्हणाले, हो, हिरडोलीचाच मी. झालं! तेव्हापासून ते गावचे आणि गाव त्यांचं. मुलगा गावचा लेक झाला, नात गावची माहेरवाशीण झाली. गाणं संपलं की माझ्या सासूबाई त्यांची ओटी भरायच्या. खण, नारळ, गहू आणि वर एक ज्वारीचं कणीस.

त्या गाण्याबद्दल मला सांगायचंय, कारण त्यासारखं मी नंतर कुठल्या सभागृहात ऐकलं नाही. उन्हं डोंगरामागं जायला लागायची. पारावर घोंगडी अंथरलेली. थंडी अशी की तंबोरा पुन्हा पुन्हा उतरायचा आणि बाई शांतपणे पुन्हा पुन्हा लावायच्या. समोर कडेवर पोरं घेतलेल्या बाया, शेतातून तसेच आलेले पुरुष, मागं कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप. इथं ख्याल कुणाला कळणार, म्हणून एखादी सोपी गौळण म्हणून निघून गेल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. पण खेड्यात आलोय म्हणून बाईंनी कधी सोपं गायलं नाही. पुण्यात जाणकारांपुढं जो राग जेवढा मांडायच्या, तेवढाच इथं मांडायच्या, विलंबितापासून, एक पायरी न गाळता. आणि गाव हलायचं नाही. मी एकदा आगाऊपणानं आण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं की यातलं तुम्हाला काय कळतं हो? ते म्हणाले, कळत न्हाई, पर लागतंय की.

मला राहून राहून आठवतो तो एक पौष. गाव महापालिकेत गेलं त्याच वर्षीचा. रस्त्यावरची 'हिरडोली' लिहिलेली पाटी रुंदीकरणात निघाली ती निघालीच. आण्णांनी शेवटचा तुकडा बांधकामाला द्यायचं ठरवलं होतं, कारण चहूबाजूंनी इमारती उठल्यावर मधल्या ज्वारीवर फक्त पाखरं आणि धूळ बसायची. म्हणजे यंदाचा हुरडा शेवटचा. आण्णा तसं बोलून दाखवत नव्हते. बांधावर मात्र रोज जात होते, काही काम नसताना. फक्त बाई येणार म्हटलं की चेहरा फुलायचा. पार धुवून घेतला, देवळाला चुना काढला. शेत जाऊ द्या, पाटी जाऊ द्या, बाई हायेत ना आमच्या, असं येईल त्याला सांगत होते.

आणि नेमका तेव्हाच निखिल मला माहेरच्या जिन्यात भेटला. निखिल हा बाईंचा भाचा म्हणा, शिष्य म्हणा. त्यांच्या भावाचा मुलगा, त्यांच्याकडेच वाढलेला. सरळ पोरगा, गळाही सरळ. तो नुकताच कुलदैवताला जाऊन आला होता कोकणात. म्हणाला, मंजूताई, घाटाखाली एक हिरडोली आहे. आमचं दैवत तिथलं, आमच्या घराचं जोतं तिथं अजून आहे, गुरवाला आमच्या पणजोबांचं नाव पाठ आहे. आम्ही तिथले. तुमच्या हिरडोलीशी आमचा काही म्हणजे काही संबंध नाही. मी म्हटलं, हळू बोल. तो म्हणाला, हळू कशाला? इतकी वर्षं आपण त्या भल्या माणसांना फसवतोय. यंदा पारावर आत्याच्या आधी मी गाणार आहे, तेव्हा सांगूनच टाकणार. अगदी आदरानं सांगेन.

आदरानं! पाटी गेली, शेत चाललं, आणि आता बाईसुद्धा आमच्या नव्हत्याच, हे आण्णांनी साऱ्या गावादेखत ऐकायचं? तेही एका प्रामाणिक पोराच्या तोंडून, म्हणजे रागवायचीही सोय नाही.

मी तशीच वर गेले. बाई मटार सोलत बसल्या होत्या. मी अडखळत सगळं सांगितलं, तर त्यांचे हात थांबलेसुद्धा नाहीत. त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. आजोबा काही खोटं बोलले नव्हते, त्या म्हणाल्या. हिरडोलीचा का, तर हिरडोलीचा. कुठली हिरडोली, ते कुणी विचारलंच नाही. पुढं आजोबांना कळलं तेव्हा या गावचा एक हुरडा खाऊन झाला होता, आणि हुरडा खाल्ल्यावर कुणाला काय सांगणार? मी म्हटलं, मग निखिलला अडवा ना. तेव्हा मात्र त्यांनी शेंग खाली ठेवली.

"त्याला खोटं बोल म्हणून सांगू? मी त्याला सूर शिकवलाय, मंजू." मग सोललेले दाणे सारखे करत म्हणाल्या, "कोकणातल्या घराचं नुसतं जोतं आहे. माझी ओटी तुझ्या सासूनंच भरली आजवर. हे कोकणाचं तेवढं आण्णांना कळू देऊ नकोस. फार लागेल त्यांना."

कळू देऊ नकोस म्हणे! मी काय पारावर जाऊन त्या पोराच्या तोंडाला हात लावणार होते? घरी आले. आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं, तर डोकं दुखतंय म्हटलं. नवऱ्यांना तेवढं पुरतं.

गाण्याच्या आदल्या दिवशी आण्णांनी शेतात आगटी लावली. शेवटची, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गोवऱ्यांचा तो पांढरा, किंचित गोडसर धूर जमिनीलगत पसरत होता. कोवळी कणसं निखाऱ्यात तडतडत होती. गरम कणीस तळव्यावर घेऊन चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, की हिरवे दाणे हातात उरतात. वर लसणाची चटणी, गुळाचा खडा. माझे पेठेतले हात सुरुवातीला फार भाजायचे. बाईंचेही भाजायचे. पहिल्याच वर्षी मी त्यांच्या तळव्याला फोड आलेला पाहिला होता, आणि तशाच हसत हसत त्या कणसं चोळत होत्या. मला ते आठवलं आणि डोळे भरून आले. धुराचं निमित्त होतंच.

आण्णा माझ्याकडे बघत होते. निखाऱ्यात काठी फिरवत म्हणाले, "निखिल कोकणात देवाला जाऊन आला म्हनं, त्या पोरानं तुला सांगितलं जनू."

मी हातातलं कणीस चोळत राहिले.

"आगं, बाई दरसाल आमसुलं देत्यात. ती काय सिंहगड रोडला पिकत्यात व्हय?"

त्यांच्या वडलांनाही कळलेलं होतं म्हणे. मग सांगितलं का नाही कधी? आण्णा म्हणाले, सांगून काय मिळवायचं? बाई लाजल्या असत्या. आन लाजलं मानूस की येनं टाळतं. मग जरा पुढं वाकून त्यांनी मला बजावलं, "मला म्हाईत हाय, ह्ये बाईस्नी कळू दिऊ नगंस."

मला एकदम हसूच फुटलं. डोळ्यांत पाणी, तोंडात हुरडा आणि वर हसू, म्हणजे ठसका लागायचाच. आण्णांनी तांब्या पुढं केला. दोन म्हातारी माणसं, दोन्ही हिऱ्यासारखी, एकच गोष्ट एकमेकांपासून जन्मभर लपवत आलेली, का, तर समोरच्याला लागेल म्हणून. आणि दोघांनीही तोंड बंद ठेवायला मलाच सांगावं? या गावाबद्दल आणि त्या घराबद्दल मला जे वाटतं ते त्या क्षणापासून वाटतं. नातं खरं होतं का, हा प्रश्न मला पुन्हा कधी पडला नाही. ते इतक्या जिव्हाळ्यानं सांभाळलेलं मी समोर बघत होते. पण निखिलचं काय करायचं ते काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव जमलं. हिरडोलीच्या पाराचा एक नियम आहे. चढेल त्यानं आधी नाव सांगायचं, मग गाव सांगायचं, मग काय बोलायचं-गायचं ते. मंत्री आला तरी सुटका नाही. निखिल चढला, नमस्कार केला.

"मी निखिल हिरडोलीकर," तो म्हणाला.

"गाव?" सवयीनं चार-पाच जण ओरडले.

निखिलनं बाईंकडे पाहिलं. बाई मांडीवरच्या शालीकडे बघत होत्या. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला, त्यांना काहीच कळेना. निखिलनं घसा साफ केला आणि म्हणाला, "आमचं मूळ गाव..."

"आरं, नावातच आलं की गाव!" आण्णा उभे राहिले होते. "कितींदा सांगशील? गा आता."

सगळं गाव हसलं. निखिल तसाच उभा. आणि बाईंनी मान वर करून आण्णांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आण्णा टोपी काढून झटकत होते, जशी काही तिच्यावर फार धूळ बसली होती. मग बाईंच्या ओठांच्या कडेला हसू आलं. शेजारची पिशवी उचलून त्यांनी पुढं केली.

"आण्णा, यंदा आमसुलं जरा जास्त आणलीत."

आण्णांनी दोन्ही हातांनी पिशवी घेतली. "व्हय का? यंदा तिकडं पाऊस बरा झाला आसंल."

"हो, तिकडं बरा झाला," बाई म्हणाल्या.

बस्स, एवढंच. लोकांना वाटलं पावसापाण्याच्या गप्पा. निखिल एकदा बाईंकडे, एकदा आण्णांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. तो खाली बसला आणि त्यानं सा लावला. मला गाण्यातलं कळत नाही, हे सांगून झालंय. पण आमच्या डोक्यावर इतकी वर्षं जो षड्ज लागायचा, तोच होता तो.

नंतर बाई गायल्या. पंप कुणीतरी बंद केला होता. सासूबाईंनी ओटी भरली, आणि त्या वर्षी ओटीतलं कणीस आण्णांनी स्वतः निवडून आणलं होतं.

पुढं शेत गेलं, इमारत उठली. त्यातल्याच दोन फ्लॅटमध्ये आम्ही आलो. बाई जमलं तोवर येऊन पारावर गायल्या. मग थकल्या. मग गेल्या. सासूबाईही गेल्या. देऊळ आहे, पार आहे, त्याला लागून गाड्या लावतात. निखिलचं नाव आता आत्याइतकंच मोठं झालंय. देशभर फिरत असतो, त्यामुळे येणं जमत नाही. आमसुलांचा पुडा मात्र कुणाच्या ना कुणाच्या हातानं येतो. त्याच्या बदल्यात द्यायला आमच्याकडे हुरडा नाही. मी आपली बुधवार पेठेतून चांगला गूळ आणून पाठवते, आणि आण्णा मला विचारतात की गूळ काय आपल्याकडं पिकला व्हता का कधी.

तर परवा गच्चीवरून मी एक वाटी आण्णांसाठी खाली आणली. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण टीव्हीसमोर बसतात. दोन दाणे तोंडात टाकून म्हणाले, धूर न्हाई. मी म्हटलं, नाहीच. तेवढ्यात पडद्यावर निखिल दिसला. कुठलीशी मुलाखत होती. विचारणारी मुलगी अभ्यास करून आलेली दिसत होती. तिनं सगळं घराणं, सगळी परंपरा बिनचूक सांगितली आणि मग म्हणाली, तुमचं मूळ गाव हिरडोली म्हणजे कोकणातली ना?

निखिल जरासा हसला. केस पांढरे झालेत आता त्याचे.

"नाही, नाही. पुण्यातली," तो म्हणाला. "धायरीच्या पुढं आहे हिरडोली. पौषात या, आमच्याकडे हुरडा फार चांगला असतो."

आण्णा पुढं सरकून बसले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा.

"खोटं बोलतंय लेकाचं," ते म्हणाले, आणि मला आवाज वाढवायला सांगितला.